डॅनियल जोन्स : अजून किती दिवस? (न्यूयॉर्क जायंट्सवाल्यांचा अमेरिकन फुटबॉलचा धागा)

एडिसनकर | ९ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:४८

काल सकाळीच दीड दिवसाच्या बाप्पाला निरोप दिला आणि तसाच ईस्ट रदरफोर्डला मेटलाईफ स्टेडियमवर गेलो. जायंट्सचा शंभरावा मोसम, त्यासाठी खास लाल जर्सी, सगळं साग्रसंगीत. निकाल : वायकिंग्ज २८, जायंट्स ६.

आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जोन्स, त्याचे ४२ पैकी २२ पास पूर्ण. १८६ यार्ड, दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), टचडाऊन शून्य, वर पाच सॅक (पास सोडायच्या आधीच पाडला). एक इंटरसेप्शन तर आपल्याच गोललाईनच्या तोंडाशी, सरळ अँड्र्यू व्हॅन गिंकेलच्या हातात. गडी दहा यार्ड चालत गेला आणि टचडाऊन करून सहा गुण घेऊन आला. समोर क्वार्टरबॅक कोण, तर याच मैदानावर जेट्सने ओवाळून टाकलेला सॅम डार्नोल्ड! तो आरामात जिंकून गेला.

लोकांनी हुर्यो उडवली, मीही त्यात होतो. पुढच्या रांगेत एक पोरगा ८ नंबरची जर्सी घालून आला होता, त्याने ती मध्येच उलटी करून घातली. वडील काही बोलले नाहीत.

चार वर्षांचे १६ कोटी डॉलर दिलेत या माणसाला. अजून किती दिवस चालवायचं हे? बोला.

सातारी_कंदी | ९ सप्टेंबर २०२४, सकाळी ८:१५

२०१९ च्या ड्राफ्टपासून (कॉलेजातली नवी पोरं क्रमाने निवडतात तो) बोंबलतोय मी. सहावा क्रमांक हातात होता आणि केंटकीचा जॉश अॅलन, म्हणजे तो बचावातला, समोर बसला होता. आपण उचलला ड्यूकचा जोन्स. पुढच्याच क्रमांकाला जॅक्सनव्हिलने अॅलनला नेलं. तेव्हा सांगत होते, ड्यूकचे प्रशिक्षक कटक्लिफ यांनीच कॉलेजात आपल्या जुन्या क्वार्टरबॅक एली मॅनिंगला घडवलं, त्याचा भाऊ पेटनला घडवलं, तेव्हा हाही घडणार. अहो, गुरू तोच असला म्हणून शिष्य तोच होतो का?

ढब्बू_मिरची | ९ सप्टेंबर २०२४, सकाळी ८:४०

पुण्याहून. माझा भाचा पार्सिपनीला असतो. रविवारी रात्री साडेदहा वाजले की घरच्या ग्रूपवर त्याचं रडगाणं सुरू होतं, काल तर दीड वाजेपर्यंत चालू होतं. मला खेळ कळत नाही, पण हा धागा वाचायला मजा येतेय. हे टर्नओव्हर टर्नओव्हर म्हणतात ते नक्की काय? दर ओव्हरला नोबॉल टाकणारा बोलर असतो, तसं काही?

चौथा_डाव | ९ सप्टेंबर २०२४, सकाळी ९:३०

@ढब्बू_मिरची, नोबॉलवर एक रन जातो आणि बोलर पुन्हा चेंडू टाकतो. इथे चेंडूच समोरच्याकडे जातो.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. एका सामन्यात एका संघाला साधारण अकरा-बारा खेळ्या (चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंत एक खेळी) मिळतात, जास्त नाही. त्यातल्या दोन तुम्ही फुकट दिल्यात तर उरलेल्या नऊ-दहांत सगळं भागवायचं. शिवाय देता कुठे हेही महत्त्वाचं. समोरच्याच्या गोललाईनपाशी दिलात तर त्याला सगळं मैदान चालून यावं लागतं. आपल्या गोललाईनपाशी दिलात तर काल झालं ते होतं.

देण्याचे प्रकार दोन. पास समोरच्याने झेलला तर इंटरसेप्शन. हातातला चेंडू सुटला तर फंबल, तो समोरच्याने उचलला की गेला. जोन्सचा मूळचा रोग दुसरा. पहिल्या वर्षी, २०१९ ला, त्याने २४ टचडाऊन पास दिले आणि १२ इंटरसेप्शन. नवख्यासाठी हे बरं होतं. पण तेरा सामन्यांत १८ फंबल आणि त्यातले ११ समोरच्यांनी उचलले! पॉकेटमध्ये (आपल्या राखणदारांच्या आडोशाला) उभा राहिला की मागून कोण येतंय याची त्याला जाणीवच नसायची. चेंडू एका हातात, कमरेच्या उंचीला, मागून नुसती थाप पडली तरी गेला.

ते त्याने पुष्कळ सुधारलं हे मात्र कोणी बोलत नाही. २०२२ ला सगळ्या लीगमध्ये इंटरसेप्शनचं प्रमाण सर्वांत कमी कोणाचं होतं? याचं. ४७२ पासांत पाच.

एडिसनकर | ९ सप्टेंबर २०२४, सकाळी ९:४४

त्या पाचांचेच १६ कोटी झाले ना राजा.

जर्सीतली_जाई | ९ सप्टेंबर २०२४, दुपारी १२:०५

सगळ्यांची स्मरणशक्ती इतकी कशी तोकडी? २५ नोव्हेंबर २००७. हेच वायकिंग्ज, हेच जायंट्स, फक्त जुनं स्टेडियम. एलीचे चार इंटरसेप्शन, त्यातले तीन थेट टचडाऊन. ४१-१७ हरलो. त्या मोसमात एलीचे इंटरसेप्शन २०, लीगमध्ये सर्वाधिक. तेव्हाही रेडिओवर 'याला हाकला' हेच चालू होतं. त्यानंतर टॅम्पा, डॅलस आणि ग्रीन बे, तिन्ही ठिकाणी परक्या मैदानावर जिंकलो आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, १८-० असलेल्या पेट्रियट्सना १७-१४ ने घरी पाठवलं. त्या सामन्याच्या रात्री मी एडिसनमध्ये जिन्यात उभी राहून फोनवर आईला ओरडून सांगत होते आणि तिला वाटलं घरात चोर शिरलाय.

२०१३ ला त्याच एलीचे २७ इंटरसेप्शन. कारकीर्दीत ११७ विजय, ११७ पराभव. आणि २०१७ ला कोच मॅकअडूने त्याला बसवलं तेव्हा हीच जनता रस्त्यावर यायची बाकी होती! मॅकअडूची नोकरी आठवड्याभरात गेली.

सातारी_कंदी | ९ सप्टेंबर २०२४, दुपारी १२:३१

जाईताई, एली चुकायचा तेव्हा तीस यार्ड पुढे चुकायचा. काहीतरी मिळवायला जाऊन चुकायचा. हा तीन यार्डांचा पास देऊन चुकतो. फरक आहे.

चौथा_डाव | ९ सप्टेंबर २०२४, दुपारी १:१०

कंदीकाका, धाग्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही लिहून गेलात.

२०२२ ला कोच डाबोल आणि त्यांचा सहाय्यक काफका यांनी काय केलं? जोन्सच्या हातून चेंडू जायची शक्यताच काढून टाकली. सक्वॉन बार्कलीला (चेंडू घेऊन पळणारा आपला गडी) पळवा, पळवतोय असं भासवून जोन्सला बाजूला काढा, अर्धं मैदान वाचायला द्या, पहिला माणूस मोकळा नसेल तर स्वतः पळ. ७०८ यार्ड पळाला तो त्या वर्षी. लांब पास जवळजवळ नाहीतच. चुका घटल्या कारण जोखीमच घटली होती. आणि चाललं! मिनियापोलिसला वायकिंग्जविरुद्ध प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ३०१ यार्ड पासचे, ७८ पळण्याचे, ३१-२४ ने जिंकलो. मीही नाचलो.

मग मार्च २०२३ मध्ये करार झाला. एवढे पैसे दिल्यावर तीन यार्डांचे पास बघवत नाहीत, म्हणून म्हणाले आता लांब फेक. आणि ज्याला तीन वर्षं 'चेंडू घालवू नकोस' एवढंच शिकवलंय तो लांब बघतो, थांबतो, विचार करतो, तोवर दोनशे ऐंशी पौंडांचा माणूस अंगावर. काल व्हॅन गिंकेलने जो पकडला तो घाबरलेल्या माणसाचा पास होता. आखूड, ठरलेला, आधीच कुठे जाणार ते डोळ्यांनी सांगून टाकलेला. फुटबॉलमध्ये इंटरसेप्शन टाळायला निघालेल्या माणसाइतका सोपा इंटरसेप्शन कोणाचाच नसतो, असं माझं मत.

पॅटर्सनचा_पप्पू | ९ सप्टेंबर २०२४, दुपारी १:२२

+१ चौथा_डाव. पण लाईनबद्दल (क्वार्टरबॅकला राखणारे पुढचे गडी) कोणी बोलणार आहे का? २०२३ ला ८५ सॅक! एनएफएलच्या इतिहासात एका मोसमातले दुसऱ्या क्रमांकाचे. त्याच्या वर फक्त १९८६ चे ईगल्स, १०४. त्या सिअॅटलच्या सामन्यात एका रात्रीत ११ सॅक झाले. इव्हान नीलला सातव्या क्रमांकावर घेतला, त्याचं काय झालं ते बघतोच आहोत.

सातारी_कंदी | ९ सप्टेंबर २०२४, दुपारी १:३०

नाचता येईना अंगण वाकडं.

पॅटर्सनचा_पप्पू | ९ सप्टेंबर २०२४, दुपारी १:३१

अहो पण अंगण खरंच वाकडं आहे!

चौथा_डाव | ९ सप्टेंबर २०२४, दुपारी २:०२

दोन्ही. सॅक हा फक्त लाईनचा आकडा नव्हे, क्यूबीचाही (क्वार्टरबॅकचाही) असतो. चेंडू अडीच सेकंदांत सोडणारा क्यूबी वाईट लाईनमागेही तग धरतो, साडेतीन सेकंद धरून बसणारा चांगल्या लाईनमागेही पडतो. त्याच सिअॅटलच्या सामन्यात विदरस्पूनने ९७ यार्ड पळवलेला इंटरसेप्शन आठवा. आपण टचडाऊनच्या दारात होतो, तिथून चौदा गुणांचा फरक पडला. तिथे लाईनने काय करायचं?

उलट २०२३ चा पहिला सामना घ्या, डॅलसविरुद्ध ४०-० हरलो तो. तिथे ब्लँडचा जो पिक-सिक्स (पास झेलून थेट टचडाऊन) झाला, तो पास सक्वॉनच्या हातातून उडाला होता. नोंद मात्र जोन्सच्या नावावर. आकडे बघताना एवढं तरी बघावं.

फिलीवाला | ९ सप्टेंबर २०२४, संध्याकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. सक्वॉन आमच्या ईगल्सकडे पोचला, मिळाला, छान आहे. ब्राझीलमध्ये पहिल्याच सामन्यात तीन टचडाऊन केले. काही पाठवायचं राहिलं असेल तर सांगा.

रच्याकने, २२ ऑक्टोबर २०२० कोणी विसरलं नाही ना? फिलाडेल्फिया. जोन्स एकटा पळतोय, समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, ऐंशी यार्ड झाले आणि आठ यार्ड राहिले असताना स्वतःच्याच पायात पाय. तो टर्नओव्हर कोणाला दिला, गवताला? (दिवे घ्या.)

जर्सीतली_जाई | ९ सप्टेंबर २०२४, संध्याकाळी ६:४४

त्या खेळीत पुढे टचडाऊन झाला होता, माहितीसाठी.

फिलीवाला | ९ सप्टेंबर २०२४, संध्याकाळी ६:४५

आणि सामना २२-२१ आम्ही जिंकला होता, माहितीसाठी.

एडिसनकर | १६ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:२०

वॉशिंग्टन २१, जायंट्स १८. आपले तीन टचडाऊन, त्यांचा एकही नाही, सात फील्ड गोल (किकचे तीन-तीन गुण). आपला किकर गानो पहिल्याच किकला जायबंदी आणि राखीव किकर घेतलेलाच नव्हता. काल जोन्सने दोन टचडाऊन दिले, एकही चेंडू घालवला नाही आणि तरी हरलो. आता कोणाला शिव्या द्यायच्या ते सुचवा.

सातारी_कंदी | १६ सप्टेंबर २०२४, सकाळी ७:२५

आपला जनरल मॅनेजर शोएन. ज्या माणसाला राखीव किकर घ्यायचं सुचत नाही त्यानेच तो करार दिला.

ढब्बू_मिरची | २३ सप्टेंबर २०२४, सकाळी ९:००

भाचा आज हसरा फोटो टाकतोय. क्लीव्हलंडला जिंकले म्हणे. रिसीव्हर (पास झेलणारा) मालिक नेबर्सला दोन टचडाऊन. हे पोरगं चांगलं दिसतंय.

चौथा_डाव | २३ सप्टेंबर २०२४, सकाळी १०:१५

चांगलं नाही, जबरदस्त आहे. आणि त्यामुळे नवीन घोळ होणार बघा. जोन्स आता दर वेळी त्याच्याकडेच बघणार. समोरचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचाववाला) चेंडूकडे बघत नाही, क्यूबीच्या हेल्मेटकडे बघतो. हेल्मेट एकाच बाजूला वळलेलं राहिलं की त्याचं काम झालं.

फिलीवाला | २१ ऑक्टोबर २०२४, सकाळी ६:०१

ईगल्स २८, जायंट्स ३. सक्वॉन १७६ यार्ड, तुमच्याच अंगणात. शेवटच्या क्वार्टरमध्ये तर तुमच्या कोचनेच जोन्सला काढून ड्रू लॉकला पाठवला. मी आज काही बोलणार नाही.

एडिसनकर | २१ ऑक्टोबर २०२४, सकाळी ६:३०

पहाटे सहा वाजता उठून 'काही बोलणार नाही' हे लिहायला आलास?

माझा राग जोन्सवरचा कमी झालाय, खरं सांगतो. काल तो पडत होता, उठत होता, पडत होता. लाईनमधला अँड्र्यू थॉमस आता मोसमभर नाही. डावीकडून जो यायचा तो सरळ आत. पण संघमालक माराला विचारावंसं वाटतं. एचबीओवर सगळ्या जगाने पाहिलं की सक्वॉन फिलीला गेला तर झोप लागणार नाही असं मालक स्वतः शोएनला सांगत होते. मग सही का नाही केली? त्याचे पैसे कुठे अडकले होते? फिरून गाडी तिथेच येते.

पॅटर्सनचा_पप्पू | २९ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:१०

पिट्सबर्ग २६-१८. आठ गुणांचा फरक, शेवटची काही मिनिटं, चेंडू आपल्याकडे. आधी फंबल. मग नशिबाने चेंडू परत मिळाला तर इंटरसेप्शन. मी टीव्ही बंद करून दिवाळीची चकली तळायला बायकोला मदत केली, तिला वाटलं तब्येत बिघडली.

जर्सीतली_जाई | ४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ८:०८

काल भाऊबीज होती म्हणून घरात पाहुणे, सामना अर्धाच पाहिला. पण एक नोंद करा : जानेवारी २०२३ नंतर पहिल्यांदा जोन्सने मेटलाईफवर टचडाऊन पास दिला. एक नव्हे, दोन. वॉशिंग्टनकडून हरलो ते सोडा, २७-२२.

सातारी_कंदी | ४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ८:२०

जानेवारी २०२३ ते नोव्हेंबर २०२४ घरच्या मैदानावर शून्य टचडाऊन पास. हे तुम्ही आनंदाची बातमी म्हणून सांगताय. कमाल आहे.

ढब्बू_मिरची | १० नोव्हेंबर २०२४, दुपारी १:२५

आज पहिल्यांदा पूर्ण सामना पाहिला, म्युनिकमध्ये होता म्हणून इकडे रात्री आठला लागला. आपला एक प्रश्न. दोन्ही संघ मोसमात सात-सात सामने हरून आले होते, तर मग एवढे जर्मन लोक एवढ्या आनंदात गाणी का म्हणत होते?

आणि मला आता कळलं भाचा का रडतो. मी सोफ्यावर बसून ओरडले, "अरे तिकडे माणूस आहे ना!" त्यालाही तो माणूस दिसलाच असेल की. तरी तिकडेच टाकला.

चौथा_डाव | १० नोव्हेंबर २०२४, दुपारी २:४०

ढब्बूताई, स्वागत. तुम्ही अधिकृतपणे जायंट्सच्या चाहत्या झालात, आता सुटका नाही.

२०-१७, जादा वेळेत, कॅरोलायनाकडून. जोन्सचे १९० यार्ड, दोन इंटरसेप्शन. न्याय्य राहायचं तर जादा वेळेतला फंबल टायरोन ट्रेसीचा, जोन्सचा नव्हे. पण तिथवर वेळ यायलाच नको होती.

एडिसनकर | १८ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३:१५

संपलं. जोन्सला बसवला. आणि जागी लॉक नाही, तिसऱ्या क्रमांकाचा टॉमी डेव्हिटो!

सातारी_कंदी | १८ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३:२२

डेव्हिटो आपल्याच सीडर ग्रोव्हचा पोरगा, तिकिटं तरी खपतील.

चौथा_डाव | १८ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३:५०

हा निर्णय फुटबॉलचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. जोन्सच्या करारात दुखापतीची हमी आहे. गंभीर जायबंदी होऊन तो मार्चपर्यंत बरा झाला नाही तर पुढच्या वर्षाचे २ कोटी ३० लाख डॉलर द्यावेच लागतील. ज्या लाईनमागे तो दर रविवारी आपटतोय, तिथे रोज तो धोका होता. म्हणून बाकावर. त्यालाही हे माहीत, आपल्यालाही माहीत. उद्या सोडून देतील बघा.

जर्सीतली_जाई | २१ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:३०

सरावात त्याला म्हणे राखीव संघाच्या सेफ्टीच्या जागी उभा केला. सहा वर्षं क्यूबी असलेल्या माणसाला! आणि आज तो पत्रकारांसमोर येऊन कागदावर लिहून आणलेलं वाचून गेला. संघमालकांचे, सहकाऱ्यांचे आभार, स्वतःच्या खेळाबद्दल खंत. एक वाकडा शब्द नाही.

मी त्याच्या बाजूने भांडत आले कारण तो कधी कोणाकडे बोट दाखवायचा नाही. रिसीव्हरने सोडला तरी 'माझा पास चांगला हवा होता'. सहा वर्षांत मुख्य कोच तीन, पास कोणाला द्यायचा ते ठरवणारी डोकी त्याहून जास्त. शरमर गेले, गॅरेट आले, ते दुसऱ्या मोसमाच्या मध्येच गेले, मग काफका, मग डाबोल स्वतः. दर दोन वर्षांनी नवीन भाषा शिका आणि पहिल्या दिवसापासून अस्खलित बोला.

एडिसनकर | २२ नोव्हेंबर २०२४, दुपारी १:००

सोडला. त्यानेच मागितलं, त्यांनी दिलं. जायंट्सकडून सुरुवात केलेल्या सामन्यांत २४ विजय, ४४ पराभव, एक बरोबरी.

टॅम्पाचा पहिला सामना आठवतोय. २०१९, अठरा गुणांनी मागे, पोराने चौथ्या डाऊनला (शेवटच्या प्रयत्नाला) स्वतः पळत जाऊन टचडाऊन केला, ३२-३१. त्या रात्री आम्ही इसेलिनच्या ओक ट्री रोडवर हॉटेलात जाऊन बसलो आणि सगळे म्हणत होते, पुढची पंधरा वर्षं चिंता नाही.

फिलीवाला | २२ नोव्हेंबर २०२४, दुपारी १:०५

टॅम्पाच्या किकरने शेवटची किक चुकवली होती हेही लिहा.

पॅटर्सनचा_पप्पू | ८ डिसेंबर २०२४, दुपारी ४:४४

स्टेडियमवरून विमान गेलं, मागे फलक : मारासाहेब, पुरे झालं, हा पेटलेला उकिरडा आवरा. जोन्स जाऊन दोन आठवडे झाले आणि आपण आज सेंट्सकडून हरलो. म्हणजे रोगी बदलला, रोग तोच.

सातारी_कंदी | २९ डिसेंबर २०२४, संध्याकाळी ५:१२

आता काय म्हणावं! दहा सामने सलग हरून आज कोल्ट्सविरुद्ध ४५ गुण! ड्रू लॉकचे चार टचडाऊन पास, वर एक स्वतः पळून. घरच्या मैदानावरचा मोसमातला पहिला विजय आणि त्याच्यापायी ड्राफ्टचा पहिला क्रमांक (सर्वांत जास्त हरणाऱ्याला मिळतो तो) हातातून गेला. माझा मुलगा जिंकलो म्हणून रडला. हरलो म्हणून रडणारे पाहिलेत, हा प्रकार नवा.

पॅटर्सनचा_पप्पू | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:३५

धागा वर काढतोय. आपला जोन्स इंडियानापोलिस कोल्ट्सकडे एका वर्षाच्या करारावर गेला, १ कोटी ४० लाख डॉलर. तिथल्या क्यूबी रिचर्डसनला मागे टाकून जागा मिळवली. पहिल्या सामन्यात कोल्ट्सनी सातपैकी सातही खेळ्यांत गुण केले. आठ सामन्यांत सात विजय. मी मनातल्या मनात कंदीकाकांना दर सोमवारी फोन लावत होतो.

आणि काल पिट्सबर्ग. तेच मैदान. तीन इंटरसेप्शन, दोन फंबल. पाच! २७-२०.

सातारी_कंदी | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:४१

मी फोनची वाटच बघत होतो.

जर्सीतली_जाई | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:३०

एका सामन्यावरून बोलताय काका. आधीचे आठ कुठे गेले? तिथे क्वेंटन नेल्सनसारखा गार्ड आहे, मागे जोनाथन टेलर आहे, चेंडू सुटतोय वेळेवर. २०२२ ला आपल्याकडे सक्वॉन होता तेव्हा हाच माणूस प्लेऑफ जिंकत होता. सोबत धड माणसं दिलीत की तो धड खेळतो.

चौथा_डाव | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:५०

जाईताई, पटतंय, पण एका अटीवर. कोल्ट्सचे ते आठ सामने आणि कालचा, यातला फरक बघा. आठ सामन्यांत ते बहुतेक वेळ पुढे होते. पुढे असताना टेलरला पळवता येतं आणि बचाववाले पळण्याच्या धाकाने आत येतात, मग जोन्सला मोकळी माणसं दिसतात. काल मागे पडले, टेलर बाजूला पडला, सगळ्यांना माहीत की आता पासच येणार. तिथे तो पुन्हा २०१९ चा झाला. चेंडू एका हातात, पाय जागेवर, नजर एकाच माणसावर.

म्हणजे तो वाईट क्यूबी नाही. चांगल्या घरात तो चांगला पाहुणा आहे. घर चालवायला दिलंत तर पंचाईत. आपण त्याला घर चालवायचे पैसे दिले, ही शोएनची चूक, त्याची नव्हे. पैसे कोण नाकारेल?

एडिसनकर | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:२०

मग आपल्या नव्या क्यूबी डार्टचं काय? ड्राफ्टमधला पंचविसाव्या क्रमांकाचा पोरगा, चौथ्या आठवड्यापासून खेळतोय, धाडसी आहे, लोकांना आवडतोय. पण लाईन कमी-अधिक तीच, कोच तोच, शोएन तोच. अजून चेंडू फार घालवत नाही, उलट स्वतःलाच झोकून देतो.

सातारी_कंदी | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:२६

त्याला आधी मैदानाबाहेर पाय टाकायला शिकवा. इंटरसेप्शन परवडला.

ढब्बू_मिरची | ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:४०

भाचा डिसेंबरात येतोय, त्याला कोल्ट्सची जोन्सची जर्सी मागवून ठेवू का? की चिडेल?

जर्सीतली_जाई | ३ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:५५

चिडेल. तरी मागवा, आणि माप एक नंबर मोठं घ्या, इकडच्या थंडीत स्वेटरवर घालता येते.